मेमरी संपली म्हणजे नक्की काय झालं?

'मेमरी कमी पडली तर माझा प्रोग्राम आतापर्यंतचं काम फाइलमध्ये लिहून मगच बंद होतो', असं मी गेल्या वर्षी छातीठोकपणे सांगायचे. चाचणीही केली होती. टर्मिनलवर यूलिमिटने २ जीबीची मर्यादा घातली, पायथनने मेमरी-एरर दिला, एक्सेप्ट ब्लॉकने फाइल लिहिली. झकास! मग तोच प्रोग्राम क्लस्टरवर ११ तास चालून मेला. फाइल नाही, एरर नाही. लॉगमध्ये एकच शब्द, 'किल्ड'. एक्झिट कोड १३७.

दोष क्लस्टरचा नव्हता, चाचणीचा होता. आणि ही चाचणी आपण सगळेच एकमेकांना सुचवतो, म्हणून हा लेख.

यूलिमिटचा 'व्ही' पर्याय रॅमवर मर्यादा घालतच नाही. तो घालतो प्रोग्रामच्या आभासी पत्त्यांच्या जागेवर. मर्यादेबाहेरची मागणी आली की कर्नल तिथल्या तिथे नकार देतो, मॅलॉक 'नल' परत करतं, पायथन त्याचा मेमरी-एरर बनवतं. अगदी सभ्य कारभार. पण एरवी लिनक्स इतका स्पष्टवक्ता नसतो. पंगत १०० पानांची आणि आमंत्रणं ५०० जणांना, असा त्याचा खाक्या. याला ओव्हरकमिट म्हणतात. मागाल तेव्हा 'हो' म्हणतो, खरी रॅम देतो ती तुम्ही त्या पानावर पहिल्यांदा लिहाल तेव्हा. त्या वेळी जागा नसली, तर कुणाला तरी थेट उठवलं जातं. सिगकिल पकडता येत नाही, त्यामुळे माझ्या एक्सेप्ट ब्लॉकला कधी संधीच मिळाली नाही.

उलटीही फसगत होते. १० जीबीची फाइल मेमरी-मॅप करून तिचा छोटासा तुकडा वाचणारा प्रोग्राम या चाचणीत नापास होईल, रॅम भरपूर असली तरी. 'एम' पर्याय वापरू म्हणाल, तर आजचा लिनक्स तो आकडा मुकाट्याने घेतो आणि दुर्लक्ष करतो!

क्लस्टरसारखं मरण बघायचं असेल तर सीग्रुप वापरा: सिस्टिमडी-रनला मेमरी-मॅक्स द्या, आणि स्वॅपची मर्यादा शून्य करा. नाहीतर प्रोग्राम मरण्याऐवजी नुसता रेंगाळत बसतो.

नकार हाताळणारा कोड तपासायचा असेल तर मात्र एसक्यूलाइटवाल्यांचा मार्ग मला सर्वात प्रामाणिक वाटतो. ते मॅलॉकच्या जागी स्वतःचं मॅलॉक बसवतात. ते आधी पहिल्या मागणीला नकार देतं, पुढच्या फेरीत दुसऱ्या, मग तिसऱ्या. एकही नकार न येता काम पूर्ण होईपर्यंत. यूलिमिट बहुधा एखाद्या मोठ्या मागणीवरच अडवतं, बाकीच्या शेकडो जागा कोऱ्याच राहतात.

माझा प्रोग्राम आता दर २० मिनिटांनी तात्पुरत्या फाइलमध्ये लिहितो आणि मग तिचं नाव बदलतो. एक्सेप्ट ब्लॉक आहे अजून, पण भरवसा त्याच्यावर नाही. आणि प्रबंधातल्या '२ जीबी मेमरीत तपासलं' या वाक्यात चार शब्द वाढलेत: 'सीग्रुपने, स्वॅप बंद ठेवून'.