चाव्याची खूण आणि दातांची साक्ष

'चावा' हा शब्द एकच, पण तो तीन ठिकाणी तीन अर्थांनी वापरला जातो. मुलाला कुत्रा चावला की डॉक्टर विचारतात, कातडी फाटली आहे का? मग साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे जखम धुणे, लस आणि कातडी फाटली असेल तर जोडीला तयार प्रतिद्रव्ये, असा उपचार ठरतो. दंतवैद्याचा प्रश्न वेगळा असतो. तोंड मिटल्यावर वरचे आणि खालचे दात एकमेकांवर कसे बसतात, हे त्यांना पाहायचे असते. न्यायालयात मात्र तिसराच प्रश्न येतो: कातडीवरची ही खूण नेमकी कोणाच्या दातांची?

पहिल्या दोन उत्तरांची पारख रुग्णाच्या प्रकृतीवरून होत राहते. तिसरे उत्तर चुकले, तर निरपराध माणूस फाशीच्या कोठडीत जातो आणि चूक झाली हेही अनेकदा कळत नाही. म्हणून अमेरिकेच्या राष्ट्रीय मानके व तंत्रज्ञान संस्थेने, म्हणजे 'निस्ट'ने, २०२३ साली प्रसिद्ध केलेल्या चाव्याच्या खुणांवरील परीक्षण-अहवालाचा परिचय शिक्षकांना करून द्यावा, असे आम्हांला वाटते.

आधी प्रकरण काय ते पाहू. डिसेंबर १९९१ मध्ये अमेरिकेतील फीनिक्स शहरातल्या एका मद्यगृहात तेथे काम करणाऱ्या स्त्रीचा खून झाला. तिच्या शरीरावर चाव्याच्या खुणा होत्या. रे क्रोन या गिऱ्हाइकाचे पुढचे दात वेडेवाकडे होते. पोलिसांनी त्याला थर्मोकोलच्या पेल्यावर चावायला लावले. ठसा जुळतो, अशी साक्ष तज्ज्ञाने दिली आणि १९९२ साली क्रोनला मृत्युदंड झाला. वृत्तपत्रांनी त्याला 'वाकड्या दातांचा मारेकरी' ठरवून टाकले होते. पुढे हा निकाल रद्द होऊन १९९६ साली फेरखटला झाला. त्यातही तो दोषीच ठरला, फक्त शिक्षा जन्मठेपेची झाली. अखेर २००२ साली मृत स्त्रीच्या कपड्यावरील लाळेची डीएनए तपासणी झाली. ती लाळ क्रोनची नव्हती. ती दुसऱ्याच एका माणसाची निघाली, आणि तो इतर गुन्ह्यासाठी आधीच तुरुंगात होता. क्रोनची दहा वर्षे मात्र गेली ती गेलीच.

निस्टच्या अहवालाचा मोठा गुण असा, की 'दात जुळले' या दोन शब्दांच्या दाव्याची त्याने तीन कड्यांत फोड केली आहे. पहिली कडी: प्रत्येक माणसाच्या पुढच्या दातांची ठेवण जगात एकमेव असते. दुसरी: ती ठेवण कातडीवर बिनचूक उमटते. तिसरी: उमटलेल्या खुणेचे विश्लेषण करून अमुक माणूस वगळता येतो किंवा येत नाही, हे तज्ज्ञ अचूक सांगू शकतात. तिन्ही कड्यांना पुरेसा वैज्ञानिक आधार आढळत नाही, असा अहवालाचा निष्कर्ष आहे.

पहिल्या कडीबाबत दंतवैद्यकाचाच इतिहास उद्बोधक आहे. एडवर्ड अँगल यांनी १८९९ साली दातांच्या ठेवणीचे वर्गीकरण मांडले. त्यासाठी त्यांनी वयाच्या सहाव्या वर्षाच्या सुमारास येणारी पहिली कायमची दाढ आधाराला घेतली. खालची दाढ वरच्या दाढेच्या मानाने योग्य जागी, मागे की पुढे, यावरून सदोष ठेवणीचे तीन वर्ग पडले. हे वर्गीकरण आजही वापरात आहे. त्याचा उपयोगच मुळी यात आहे, की असंख्य माणसे थोड्या वर्गांत बसतात. न्यायालयातील दाव्याला हवे असते ते नेमके उलट: कोट्यवधींत एकच. शिवाय कातडीवर दाढा सहसा उमटत नाहीत. उमटतात ते पटाशीचे दात आणि सुळे, तेही फक्त कडांनी. ते पडतात, झिजतात, तार लावून सरकवताही येतात.

दुसरी कडी आणखी कच्ची आहे. कातडी म्हणजे थर्मोकोल नव्हे. ती ताणली जाते, सुजते, काळीनिळी पडते. बफेलो विद्यापीठातील मेरी बुश आणि पीटर बुश यांनी मृतदेहांच्या कातडीवर प्रयोग केले. एकाच दातांच्या साच्याने उमटवलेल्या खुणा एकमेकींशी जुळेनात. तिसऱ्या कडीची परीक्षा २०१५ साली जाहीर झालेल्या एका चाचणीत झाली. जवळजवळ चाळीस प्रमाणपत्रधारक तज्ज्ञांना शंभर प्रकरणांची छायाचित्रे दिली होती. ही माणसाच्या चाव्याची खूण आहे की नाही, हे सांगण्याइतका पुरावा छायाचित्रात आहे का, या पहिल्याच प्रश्नावर सर्वांचे एकमत झाले ते अवघ्या चार प्रकरणांत!

आता अहवालाच्या मर्यादा. हा अहवाल प्रसिद्ध साहित्याचा आढावा आहे, नवा प्रयोग नव्हे. बुश यांचे प्रयोगही मृत कातडीवरचे आहेत आणि मृत कातडी जिवंत कातडीसारखी सुजत नाही. जिवंत माणसावर असे प्रयोग करणे नीतीला धरून नाही. म्हणजे दाव्याच्या विरोधातला पुरावाही परिपूर्ण नाही, आणि वाचकाने हे मान्य केले पाहिजे. 'सिद्ध झालेले नाही' म्हणजे 'खोटे ठरले' नव्हे. पण म्हणून दोन्ही पक्ष बरोबरीचे होतात का? आमच्या मते नाही. सिद्ध करण्याची जबाबदारी दावा करणाऱ्याची असते, आणि माणसाच्या जिवाचा प्रश्न असेल तेथे ती अधिकच. अमेरिकी अध्यक्षांच्या विज्ञान सल्लागार मंडळानेही २०१६ साली या पद्धतीला वैज्ञानिक पाया नसल्याचे म्हटले होते. त्याच वर्षी टेक्सासच्या न्यायवैद्यक आयोगाने, पद्धत तपासली जाईपर्यंत असा पुरावा वापरू नये, अशी शिफारस केली.

आपल्या देशालाही हा विषय परका नाही. दिल्लीतील २०१२ च्या सामूहिक बलात्कार व खून खटल्यात दंतठशांचा अहवाल सादर झाला होता आणि सर्वोच्च न्यायालयाच्या २०१७ च्या निकालात त्याची दखल आहे. तेथे मृत्युपूर्व जबाब आणि डीएनए असे स्वतंत्र पुरावेही होते. ज्या खटल्यात असे दुसरे काही नसेल, तेथे काय होईल, हा खरा प्रश्न आहे.

एक घोटाळा टाळावा. अपघातात किंवा आगीत सापडलेल्या मृतदेहाची ओळख दातांवरून पटवणे ही वेगळी आणि भरवशाची पद्धत आहे. तेथे प्रत्यक्ष दात, त्यांत भरलेले सिमेंट आणि जुनी क्ष-किरण चित्रे यांची तुलना होते; कातडी मध्ये येत नाही.

वर्गात दोन प्रयोग सहज करता येतील. हात ताठ ठेवून कोपराच्या आतल्या बाजूला बॉलपेनाने कमानीत सहा ठिपके काढावेत आणि त्यांमधली अंतरे मोजावीत. मग कोपर अर्धवट वाकवून, हात पिळून पुन्हा मोजावीत. दुसरा प्रयोग: दोन स्वच्छ कागदांमध्ये कार्बन पेपर ठेवून प्रत्येकाने पुढच्या दातांनी आपापल्या दोन घड्यांवर चावावे. एकेक कागद 'गुन्ह्याचा', दुसरा 'संशयिताचा'. पण मुलांना न सांगता एका गुन्ह्याच्या कागदाची खरी जोडी काढून ठेवावी. बघा, किती मुले त्या कागदालाही कोणीतरी 'गुन्हेगार' शोधून देतात! चूक कोणाची झाली, यापेक्षा 'जुळणारे कोणी नाही' असे उत्तर कितीजणांना सुचले, ते फळ्यावर लिहावे. क्रोनच्या खटल्यात नेमके तेच उत्तर मान्य झाले नाही.