फासा केव्हा टाकावा?

सापशिडीत फाशावर चार पडले की सोंगटी चार घरे पुढे सरकते. तेथे नियमाचा अर्थ लावण्याची वेळ कधी येत नाही. काही खेळांत मात्र फासा टाकण्यापूर्वीही कुणाला तरी विचार करावा लागतो. ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा त्यांपैकी सर्वांत प्रसिद्ध खेळ. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी रचलेला हा खेळ १९७४ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झाला. यात प्रत्येक खेळाडू एका पात्राची भूमिका घेतो आणि ‘मी दार फोडतो’ असे नुसते तोंडाने सांगतो. पुढे काय घडले ते एक सूत्रधार सांगतो. निकाल अनिश्चित असेल, तर फासा टाकला जातो.

या खेळाच्या २०१४ सालच्या पाचव्या आवृत्तीचे नियम आम्ही येथे तपासणार आहोत. या नियमांतून संभाव्यतेचे कोणते चित्र उभे राहते, एवढाच आमचा प्रश्न आहे.

मुख्य नियम सोपा आहे. वीस पृष्ठांचा फासा टाकायचा, त्यात पात्राच्या गुणानुसार ठरलेला अंक मिळवायचा. बेरीज कामाच्या कठीणतेच्या आकड्याइतकी किंवा त्याहून जास्त आली, तर काम झाले. ताकद १० म्हणजे सर्वसाधारण माणूस; त्याला काही मिळवायचे नाही. ताकद १८ म्हणजे असामान्य बलवान. त्याने ४ मिळवायचे. प्रत्येक वाढीव अंकाने यशाची शक्यता सहसा ५ टक्क्यांनी वाढते. तोंडी हिशेब करता येतो, हा या नियमाचा मोठा गुण.

आता दोष पाहू. पुस्तकात १० हा आकडा ‘सोप्या’ कामाला आणि १५ हा ‘मध्यम’ कामाला दिला आहे. सर्वसाधारण माणसाला १० किंवा अधिक पडण्याची संभाव्यता ११/२०, म्हणजे ५५ टक्के. १५ किंवा अधिक पडण्याची फक्त ३० टक्के. जे काम शंभरातून पंचेचाळीस वेळा फसते, त्याला आपण सोपे म्हणू का?

दुसरे उदाहरण पंजा लढवण्याचे. वरील दोघे समोरासमोर बसले. दोघांनी एकेक फासा टाकायचा, बलवानाने आपल्या फाशात ४ मिळवायचे. एकूण ४०० जोड्यांपैकी १२० जोड्यांत सर्वसाधारण माणूस जिंकतो, १६ जोड्यांत बरोबरी होते. म्हणजे तो ३० टक्के वेळा असामान्य बलवानाला हरवतो! गावातल्या पैलवानाशी पंजा लढवून पाहिलेला कोणताही विद्यार्थी हे मान्य करणार नाही.

असे का होते? वीस पृष्ठांच्या फाशावर १, १० आणि २० हे आकडे पडण्याची शक्यता सारखीच असते. त्याऐवजी नेहमीचे तीन फासे टाकून बेरीज घेतली तर? सरासरी तीच, १०.५. पण २१६ प्रकारांपैकी १८ ही बेरीज एकाच प्रकारे येते, तर १० आणि ११ प्रत्येकी २७ प्रकारे. टोकाचे निकाल दुर्मीळ होतात. याच पंजात मग सर्वसाधारण माणूस सुमारे १४.५ टक्के वेळाच जिंकतो. स्टीव्ह जॅक्सन यांच्या १९८६ च्या ‘गर्प्स’ या खेळात कामाचा निकाल असाच तीन फाशांवर ठरतो. कोणता फासा निवडला यातच कौशल्य मोठे की योगायोग, याचे उत्तर दडलेले असते.

तरीही पाचवी आवृत्ती टाकाऊ ठरत नाही, कारण निकाल अनिश्चित असेल तरच फासा टाकावा, असे तीच सांगते. सोपे काम असेल, तर सूत्रधाराने ‘झाले’ म्हणावे. पंजाचा निकाल उघड असेल, तर फाशाला हातही लावू नये. हा वाद जुना आहे. प्रशियाच्या सैन्यात १८२४ पासून राइसविट्झचा युद्धखेळ फासे आणि कोष्टके वापरून खेळला जाई. पुढे १८७६ मध्ये व्हेर्डी द्यू व्हेर्नुआ या अधिकाऱ्याने कोष्टकांऐवजी अनुभवी पंचाच्या निर्णयावर भर दिला. कोष्टक पक्षपात करत नाही, पण त्याला प्रसंग कळत नाही. पंचाला प्रसंग कळतो, पण तो पक्षपात करू शकतो.

पाचव्या आवृत्तीचे सूत्रधारासाठीचे पुस्तक तीन मार्ग मांडते: जवळजवळ प्रत्येक कृतीला फासा, शक्यतो फाशाविना निर्णय, किंवा मधला मार्ग. निवड सूत्रधाराची. आमच्या मते निवडीसाठी एक कसोटी पुरेशी आहे: अपयशाने काही बदलणार आहे का? ३० टक्के शक्यतेचे कुलूप पाच वेळा उघडून पाहता येत असेल, तर यशाची शक्यता १ − (०.७)⁵, म्हणजे सुमारे ८३ टक्के होते. पहारेकरी येणार नसेल, तर फासे टाकत बसण्यात अर्थ नाही. तो येणार असेल, तर प्रत्येक फाशाला किंमत आहे.

हा प्रयोग वर्गात करता येईल. वीस पृष्ठांचा फासा नसला, तरी १ ते २० आकड्यांच्या चिठ्ठ्या डब्यात टाकून चालेल. काढलेली चिठ्ठी प्रत्येक वेळी परत टाकावी. पंजाचे शंभर डाव चिठ्ठ्यांनी आणि शंभर डाव तीन फाशांनी खेळून नोंदी फळ्यावर मांडाव्यात. मग खऱ्या पंजाशी कोणते जुळते, हे विद्यार्थ्यांनाच विचारावे.

‘फासा टाकला असता सम संख्या येण्याची संभाव्यता किती?’ या प्रश्नाला आपले विद्यार्थी अचूक उत्तर देतात. पण सर्व निष्पत्ती समसंभाव्य आहेत हे कोणी ठरवले, असे ते क्वचितच विचारतात. परीक्षेत पास किंवा नापास, म्हणून शक्यता निम्मी-निम्मी, असे म्हणणारा मुलगा इथेच चुकतो. सूत्रधाराच्या जागी बसून त्याला एकदा ठरवू द्यावे, की येथे फासा टाकायचा की नाही, आणि टाकायचा तर कोणता.