कॅप्टन स्टॉन्टनचे शौर्य आणि आपले वाचन

कोरेगाव भीमाच्या लढाईविषयी आपल्या सभांतून, पुस्तिकांतून आणि गाण्यांतून पुष्कळ बोलले जाते. त्या लढाईत आपल्या माणसांना हुकूम देणाऱ्या गोऱ्या अधिकाऱ्याविषयी मात्र आपण सहसा बोलत नाही. बोललोच तर एक-दोन वाक्यांत त्याचा निकाल लावतो. हे मौन तपासले पाहिजे असे मला वाटू लागले ते एका विद्यार्थ्यामुळे. देगलूरहून काही मुले ३१ डिसेंबरला कोरेगावला जायला निघतात. गेल्या खेपेला जाऊन आलेल्या एकाने मला वर्गाबाहेर गाठले आणि विचारले, "सर, तो स्टॉन्टन आपला होता की त्यांचा?"

मी मराठी शिकवतो. कॉलेजची पायरी चढणारा माझ्या घरातला मी पहिला. माझे वडील सालगडी होते, त्यांना सही करता येत नव्हती. त्यामुळे लिहिलेला शब्द दिसला की तो कोणी लिहिला, कोणासाठी लिहिला आणि त्यात आपले नाव कुठे आहे, हे आधी पाहण्याची सवय मला लागली. विद्यार्थ्याच्या प्रश्नाचे उत्तर मी त्याच सवयीने शोधले. कोरेगावचा जयस्तंभ मी एक संहिता म्हणून वाचला आणि त्याच्या जोडीला 'ग्लोरी' हा अमेरिकन चित्रपट पाहिला. दोन्हींचा विषय एकच आहे. समाजाने ज्यांना माणूस मानले नाही अशा सैनिकांचे नेतृत्व एका गोऱ्या अधिकाऱ्याने केले. त्या नेतृत्वाचे मोल काय आणि ते कोणी ठरवायचे, असा हा प्रश्न आहे.

आधी घडले काय ते पाहू. पुण्यातील कर्नल बर याने मदत मागितल्यावरून कॅप्टन फ्रान्सिस स्टॉन्टन ३१ डिसेंबर १८१७ च्या रात्री शिरूरहून निघाला. त्याच्याबरोबर बॉम्बे नेटिव्ह इन्फन्ट्रीच्या पहिल्या रेजिमेंटची दुसरी पलटण, काही घोडेस्वार आणि मद्रास तोफखान्याच्या दोन तोफा होत्या. एकूण माणसे आठशेच्या आसपास. रात्रभर चालून दुसऱ्या दिवशी सकाळी ती भीमेकाठी पोचली, तेव्हा समोर दुसऱ्या बाजीरावाची सुमारे अठ्ठावीस हजारांची फौज होती. स्टॉन्टनने कोरेगाव गावाचा आश्रय घेतला. पेशव्यांच्या बाजूने अरब, गोसावी आणि इतर पायदळाच्या तुकड्या गावात घुसल्या आणि घराघरांतून, गल्लीगल्लीतून लढाई झाली. शिपायांच्या पोटात अन्न नव्हते. नदी नजरेसमोर असून दिवसभर पाणी मिळाले नाही. एक तोफ हातची गेली. लेफ्टनंट पॅटिन्सन जबर जखमी असताना उठला आणि बंदूक उलटी धरून माणसांसह तुटून पडला, तेव्हा ती तोफ परत मिळाली. तोफेजवळ लेफ्टनंट चिझमचे शिर कापलेले धड सापडले. तहानेने हैराण झालेले तोफखान्यातले काही जण शरण जाऊ या म्हणत होते. स्टॉन्टनने त्यांना ते धड दाखवले आणि शरण जाणाऱ्याचे असेच होईल असे सांगितले. रात्री नऊच्या सुमारास हल्ले थांबले. कंपनीकडील पावणेतीनशेच्या आसपास माणसे ठार, जखमी वा बेपत्ता झाली होती.

स्टॉन्टनचे धैर्य खोटे नव्हते, हे आधी कबूल केले पाहिजे. माघारीची वाट असताना तो थांबला, माणसांबरोबर उपाशी-तहानलेला राहिला आणि शेवटपर्यंत डोके शांत ठेवून लढला. केवळ तो कंपनी सरकारचा नोकर होता म्हणून हे नाकारणे म्हणजे टीका नव्हे. पण नेमक्या याच ठिकाणी प्रस्थापित इतिहासकाराचे वाचन थांबते आणि आपले वाचन सुरू व्हायला हवे. त्या दिवशी कोरेगावात आठ गोरे अधिकारी होते, त्यांत दोन डॉक्टर. संध्याकाळपर्यंत त्यांतले पाच ठार वा जायबंदी झाले होते. उरले स्टॉन्टन, लेफ्टनंट जोन्स आणि डॉक्टर वायली. तीन माणसे एका गावातल्या साऱ्या गल्ल्या एकाच वेळी सांभाळू शकत नाहीत. मग एकेका भिंतीआड, एकेका दारात शिपायांना धरून ठेवले कोणी? सुभेदारांनी, जमादारांनी, हवालदारांनी, नाइकांनी. दुसरे उत्तर संभवत नाही. त्या काळी हिंदी माणसाला सुभेदारकीच्या पुढे वाट नव्हती. कितीही लढाया पाहिलेला सुभेदार मिसरूड न फुटलेल्या गोऱ्या लेफ्टनंटच्या हाताखालीच असे. म्हणून लढाईच्या वृत्तान्तात चिझम, पॅटिन्सन, वायली यांच्या हालचाली तपशिलाने येतात आणि या मधल्या फळीचे नेतृत्व 'शिपाई शौर्याने लढले' एवढ्या एका वाक्यात बुडून जाते. शौर्य शिपायाच्या वाट्याला आणि नेतृत्व अधिकाऱ्याच्या वाट्याला, अशी ही वाटणी आहे. वर्णव्यवस्थेत वाढलेल्या माणसाला ती ओळखायला वेळ लागत नाही. हात एकाचे आणि डोके दुसऱ्याचे, ही विभागणी आपण गावात पाहत आलो आहोत.

आता 'ग्लोरी'कडे वळतो. अमेरिकेतील यादवी युद्धात मॅसॅच्युसेट्स राज्याची ५४ वी पलटण निग्रो सैनिकांची होती आणि तिचा कर्नल होता रॉबर्ट गोल्ड शॉ हा बॉस्टनचा तरुण. १८ जुलै १८६३ रोजी साउथ कॅरोलायनातील फोर्ट वॅग्नरवर चढाई करताना तो तटावर मारला गेला, तेव्हा तो पंचवीस वर्षांचा होता. पलटणीची जवळजवळ निम्मी माणसे ठार, जखमी वा बेपत्ता झाली. शत्रूने शॉला अपमान म्हणून त्याच्या सैनिकांबरोबर एकाच खड्ड्यात पुरले. पुढे त्याचे प्रेत बाहेर काढण्याची गोष्ट निघाली तेव्हा त्याच्या वडिलांनी नकार दिला. मुलगा आपल्या माणसांत आहे, तिथेच राहू दे, अशी त्यांची भूमिका होती. आपल्याकडे मसणवटासुद्धा जातवार वेगळा असतो. तिथला वाचक ही घटना वाचून हलल्याशिवाय राहणार नाही.

चित्रपट १९८९ चा, दिग्दर्शक एडवर्ड झ्विक. तो प्रभावी आहे हे नाकारता येत नाही. डेन्झेल वॉशिंग्टन या नटाला त्यातील भूमिकेसाठी ऑस्कर मिळाले. तरीही त्याच्या रचनेत एक खोट आहे. सारी कथा शॉच्या पत्रांतून, म्हणजे शॉच्या डोळ्यांनी सांगितली जाते. पलटणीतील बहुतेक माणसे प्रत्यक्षात उत्तरेतील स्वतंत्र निग्रो होती, कामधंदा करणारी आणि पुष्कळशी लिहिता-वाचता येणारी. चित्रपटात मात्र बहुसंख्य सैनिक पळून आलेले गुलाम दाखवले आहेत. फ्रेडरिक डग्लस या थोर निग्रो नेत्याची लुइस आणि चार्ल्स ही दोन मुले याच पलटणीत होती आणि लुइस सार्जंट मेजर होता. चित्रपटात त्यांना जागा नाही. एका सैनिकाला फटके मारण्याचा हुकूम शॉ देतो असे दाखवले आहे. अमेरिकन सैन्यात ही शिक्षा १८६१ सालीच बंद झाली होती. हे बदल निव्वळ सोयीसाठी झाले असे मला वाटत नाही. सैनिक जितका अडाणी तितका त्याला 'घडवणारा' अधिकारी मोठा दिसतो. दलिताला आधी असहाय दाखवायचे आणि मग एखाद्या थोर मनाच्या गुरुजींकडून त्याचा उद्धार करायचा, ही आपल्याकडच्या मध्यमवर्गीय कादंबरीची जुनी रीत आहे. 'ग्लोरी'ही तिच्यापासून फारशी दूर नाही.

पगाराचा प्रसंग याला अपवाद ठरला असता. गोऱ्या सैनिकाला महिना तेरा डॉलर, निग्रोला दहा आणि त्यातून कपड्यांचे तीन कापायचे. ५४ व्या पलटणीने हा पगार घेण्याचे नाकारले आणि सुमारे दीड वर्ष एक डॉलरही घेतला नाही. घरी बायकामुले उपाशी असताना हा लढा चालला. अखेर जून १८६४ मध्ये काँग्रेसला कायदा करावा लागला. शॉने जुलै १८६३ मध्येच गव्हर्नरला कळवले होते की पूर्ण पगार द्या, नाहीतर पलटण मोडा. माझ्या मते शॉचे खरे नेतृत्व तटावरच्या मरणाइतकेच या पत्रात आहे. पण दीड वर्षाच्या त्या लढ्यातला मोठा भाग शॉच्या मृत्यूनंतरचा आहे, अधिकारी नसताना सैनिकांनी चालवलेला. चित्रपट शॉबरोबर संपतो, म्हणून तो लढा त्यात नाही.

बॉस्टनमध्ये शॉचे स्मारक १८९७ साली उभे राहिले. मध्यभागी घोड्यावर शॉ आणि बाजूने पायी चालणारे निग्रो सैनिक. पडलेल्या गोऱ्या अधिकाऱ्यांची नावे त्यावर आधीपासून होती. निग्रो सैनिकांची नावे कोरली गेली ती १९८० च्या दशकात. कोरेगावचा स्तंभ १८२१ पासूनचा आहे आणि त्यावर पडलेल्या शिपायांची नावे पहिल्यापासून आहेत. त्यांत 'नाक' असलेली बावीस नावे आहेत. सोमनाक कमळनाक नाईक. रामनाक येसनाक नाईक. देवनाक अंकनाक. गावात ज्याला हाक मारताना जात पुरेशी होती, त्याचे नाव इथे बापाच्या नावासह दगडावर आले. कंपनीने हे आपल्या प्रेमापोटी केले नाही, आपल्या विजयाची खूण म्हणून केले. पण कोरणाऱ्याचा हेतू काहीही असो, वाचणारा बदलला की लेखाचा अर्थ बदलतो.

ही यादी पुरती वाचावी असेही माझे सांगणे आहे. तीत मराठे आहेत, राजपूत आहेत, मुसलमान आहेत. केवळ पाचशे महारांनी अठ्ठावीस हजारांना हरवले असे आपल्या सभांतून सांगितले जाते, तेव्हा विरोधकाला आयते हत्यार मिळते. बावीस नावे हा पुरेसा मोठा पुरावा आहे. त्याला फुगवण्याची गरज नाही. दुसरीकडे, शिपाई पगारी होते, सबब त्यांच्या शौर्याला अर्थ नाही, असे म्हणणाऱ्या विद्वानांना मी एवढेच विचारीन की पेशव्यांचे अरब फुकट लढत होते काय?

लढाईनंतरचे पान सगळ्यांत महत्त्वाचे. स्टॉन्टन आपल्या जखमींसह ३ जानेवारीला शिरूरला परतला. त्याला गव्हर्नर जनरलचा मानद एडीसी नेमण्यात आले, कंपनीच्या संचालकांनी तलवार आणि पाचशे गिनी दिल्या. पलटणीला ग्रेनेडियरचा मान मिळाला. आणि 'नाक' नावाच्या माणसांना? १८९० च्या दशकात 'लढाऊ जाती'चे तत्त्व पुढे करून त्याच सरकारने महारांची सैन्यभरती बंद केली. गोपाळबाबा वलंगकरांनी त्याविरुद्ध अर्ज तयार केला. शिवराम जानबा कांबळे यांनी १९१० साली थेट भारतमंत्र्यांकडे दाद मागितली. पहिल्या महायुद्धात गरज पडली तेव्हा १९१७ मध्ये १११ वी महार पलटण उभी केली आणि १९२१ मध्ये मोडून टाकली. महार रेजिमेंट उभी राहायला १९४१ उजाडले. पलटणीबरोबर पलटणीची शाळा येत होती, हेही लक्षात घेतले पाहिजे. सुभेदार रामजी सकपाळ अशाच लष्करी शाळेत शिक्षक होते. भरतीचे दार बंद झाले तेव्हा अक्षराचे दारही बंद झाले. आम्ही मराठवाड्यातले लोक निजामाच्या राज्यात होतो. आम्हांला हे दार खऱ्या अर्थाने दिसले ते १९५० साली, बाबासाहेबांनी औरंगाबादला कॉलेज काढले तेव्हा.

१ जानेवारी १९२७ रोजी बाबासाहेब त्या स्तंभापाशी गेले. आणि १९३० साली गोलमेज परिषदेत त्याच ब्रिटिश सरकारला त्यांनी विचारले की तुमच्या आधी आम्हांला सैन्यात प्रवेश नव्हता, आज तो खुला आहे काय? या दोन घटना मी एकत्र वाचतो. स्तंभापाशी जाणे ही स्टॉन्टनची वा त्याच्या सरकारची भलावण नव्हती. त्या यादीतून येणे असलेल्या कर्जाचा हिशेब मागणे होते. महात्मा फुल्यांनी १८७३ साली 'गुलामगिरी' अमेरिकेतील गुलामी नष्ट करणाऱ्या सदाचारी लोकांना अर्पण केली. त्या अर्पणपत्रिकेत आज आपण त्या युद्धात लढलेल्या सुमारे १ लाख ८० हजार निग्रो सैनिकांनाही वाचले पाहिजे. आपली मुक्ती मिळवायला ते स्वतः रणात उतरले होते.

माझ्या विद्यार्थ्याला मी अखेर असे सांगितले. स्टॉन्टन आपलाही नव्हता आणि आपला शत्रूही नव्हता. तो एक धैर्यवान अधिकारी होता. त्याचे नेतृत्व लढाईपुरते होते आणि त्याच्या सरकारची कृतज्ञता स्तंभापुरती. शॉ त्याच्यापुढे एक पाऊल गेला, कारण आपल्या माणसांच्या पगारासाठी तो स्वतःच्या सरकारशी भांडला. पण दोघांच्याही कथेत खरा प्रश्न अधिकारी गेल्यावर काय होते हा आहे. १९७८ साली, नामांतराचा ठराव झाल्यावर, आमच्याच नांदेड जिल्ह्यातील टेंभुर्णीच्या पोचिराम कांबळे यांनी 'जय भीम' सोडण्यास नकार दिला आणि प्राण दिला. तिथे कोणी कॅप्टन नव्हता, तोफ नव्हती, मागून येणारी कुमक नव्हती. हुकूम आतून आलेला होता.

तो मुलगा थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "सर, पुढच्या खेपेला मी यादी उतरवून आणतो. सगळी."

सगळी, हा त्याचा शब्द मला महत्त्वाचा वाटला. २०१८ साली लढाईला दोनशे वर्षे झाली, त्या दिवशी तिथे दगडफेक आणि जाळपोळ झाली. स्तंभ आजही पुष्कळांना खुपतो याचा तो पुरावा. अशा वेळी आपण त्याच्यापुढे केवळ मान लववून परतू नये. तो वरपासून खालपर्यंत वाचावा, कॅप्टनच्या नावापासून शेवटच्या शिपायाच्या नावापर्यंत, आणि ज्या सुभेदार-नाइकांचे नेतृत्व कोणी लिहिले नाही ते लिहिण्याचे काम आता आपले आहे हे ओळखावे.