सवेतन सेवारजा : ‘रजा’, ‘दान’ आणि ‘खाडा’

शासकीय कर्मचाऱ्यास लोकसेवेच्या कामासाठी वेतन न कापता रजा द्यावी, या कल्पनेची चर्चा बहुधा खर्च आणि उपयुक्तता या दोनच अंगांनी होते. तिची परिभाषा सहसा कोणी तपासत नाही. आणि खरा घोटाळा तेथेच आहे.

अशा प्रसंगी प्रशासन जी संज्ञा योजते ती ‘विशेष नैमित्तिक रजा’ ही होय. केंद्रीय कर्मचाऱ्यांना ती रक्तदानासाठी मिळते. अवयवदात्यास ती ४२ दिवसांपर्यंत देण्याचा निर्णय केंद्राने २०२३ मध्ये केला. ‘रजा’ हा शब्द संमती या अर्थाच्या अरबी शब्दापासून फारसीच्या वाटेने मराठीत आला. ‘राजी’ आणि ‘राजीनामा’ ही त्याचीच भावंडे. म्हणजे मूळ अर्थ वरिष्ठाच्या संमतीचा आहे, रजा घेणाऱ्याच्या औदार्याचा नव्हे. ‘नैमित्तिक’ची कथा याहून मौजेची. मीमांसकांच्या लेखी नैमित्तिक कर्म म्हणजे निमित्त उपस्थित होताच करावेच लागणारे कर्म. कचेरीत तोच शब्द किरकोळ सवलतीस लागला. शिवाय केंद्रीय सेवानियमांच्या दृष्टीने नैमित्तिक रजा ही रजाच नव्हे. ती घेणारा कामावर गैरहजर धरला जात नाही. मग त्या दिवशीच्या श्रमांचे दान कोणाचे? रक्तदानात हा प्रश्न उद्भवत नाही, कारण रक्त देणाऱ्याचेच असते. श्रमांची गोष्ट निराळी. त्या दिवसाची किंमत राजकोषाने अगोदरच भरलेली असते.

बीड जिल्ह्यात हा भेद उघड्या माळावर दिसतो. पाणी फाउंडेशनची पहिली वॉटर कप स्पर्धा २०१६ मध्ये तीन तालुक्यांत झाली. अंबाजोगाई हा त्यांपैकी एक. गावकऱ्यांनी ऐन उन्हाळ्यात विनामोबदला चर खणले. असेच चर रोजगार हमी योजनेत मजुरी घेऊन खणले जातात. त्याच चरावर सवेतन रजेवरील कारकून कुदळ घेऊन उभा राहिला, तर त्याच्या कामासही ‘श्रमदान’च म्हणणार काय?

याच सुमारास जिल्ह्यातील ऊसतोड मजूर गळीत हंगाम आटोपून गावी परततात. मुकादमाकडून उचल घेऊन गेलेल्या या जोडप्यांची गणना ‘कोयता’ या शब्दाने होते, आणि कामाचा एक दिवस बुडाला तर त्याचे नाव ‘खाडा’. खाड्यास दंड पडतो. बीडमधील ऊसतोड स्त्रियांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न २०१९ मध्ये गाजला, तेव्हा त्यामागील कारणांत या दंडाच्या धास्तीचाही उल्लेख झाला. आजारपणाची रजा हा शब्दप्रयोग फडावर निरर्थकच ठरतो. हा मजूर गावी येऊन चर खणतो तेव्हा तो दिवस सर्वस्वी त्याचा असतो, आणि बुडालेली मजुरीही त्याचीच.

सेवारजेची कल्पना त्याज्य आहे, असा याचा अर्थ नव्हे. शिकलेला कर्मचारी गावच्या कामास लागला तर ते इष्टच. केवळ तिच्या नियमांत ‘दान’ हा शब्द येऊ नये, ‘रजा’ही शक्यतो टाळावी. ‘लोकसेवा-नियुक्ती’ असे काही साधे नाव पुरे आहे. आणि हजेरीपटावर तो दिवस ‘कामावर’ असाच नोंदवावा.