पहिल्या दौऱ्याचे प्रयोग: विद्यार्थ्यांचा बॅले बघताना नेमकं काय बघायचं?

या वेळचा विषय आपल्या नेहमीच्या वाटेपासून जरा लांबचा आहे. बॅले शिकणारी मुलंमुली शिक्षणाच्या शेवटाकडे पहिल्यांदा दौऱ्यावर निघतात, गावोगावच्या थिएटरांत प्रयोग करतात. त्या पहिल्या दौऱ्याबद्दल मला लिहायचंय. तुमच्यापैकी अनेकांची बॅलेशी ओळख सूनी तारापोरवाला यांच्या ‘ये बॅले’ (२०२०) या सिनेमातून झाली असेल. मुंबईतली दोन मुलं, घरची ओढाताण, परदेशातून आलेला तापट गुरू. तो सिनेमा शिकायची संधी मिळण्याबद्दल आहे. ती मिळाल्यावर, काही वर्षं घाम गाळून झाल्यावर, आज या गावात आणि परवा त्या गावात तोच नाच पुन्हा करायची वेळ येते तेव्हा काय होतं, ती गोष्ट वेगळी.

मराठीत एक मोठी सोय आहे. नाटकाचाही प्रयोग होतो आणि लॅबमधलाही प्रयोगच. आपण दोन्हीकडे एकच शब्द वापरतो आणि त्याचा विचार करत नाही. विद्यार्थ्यांच्या बॅलेवरची परीक्षणं वाचताना मला तो शब्द सारखा आठवतो, कारण बहुतेक परीक्षणं एकाच प्रयोगावर बेतलेली असतात आणि त्यांचा सूर ठरलेला असतो: विद्यार्थी असूनही छान नाचले. या ‘असूनही’वर माझा आक्षेप आहे. तुमच्या पहिल्या पेपरबद्दल कुणी म्हणालं, ‘नवीन आहे ना, मग ठीक आहे’, तर ते कौतुक म्हणून घ्याल का? त्यात कामाबद्दल काहीच सांगितलेलं नसतं. सवलत दिली की बघायची जबाबदारी संपते.

मग कशावरून जोखायचं? त्यासाठी हा दौरा शिक्षणाचा भाग कसा झाला ते थोडं बघू. लंडनच्या सेंट्रल स्कूल ऑफ बॅलेचं उदाहरण घेते, कारण तिथे हा प्रकार जुना आणि पक्का आहे. ख्रिस्तोफर गेबल आणि अ‍ॅन स्टॅनर्ड यांनी १९८२ मध्ये ही शाळा काढली आणि दोनच वर्षांत ‘बॅले सेंट्रल’ नावाची दौरा करणारी मंडळी उभी केली. आज तिथला अभ्यासक्रम तीन वर्षांचा, पदवीचा आहे आणि शेवटच्या वर्षाचे विद्यार्थी म्हणजेच बॅले सेंट्रल. म्हणजे आपण एमएस्सीला डिसर्टेशन करतो तसं ही मंडळी दौरा करतात. नुसतं नाचायचं नाही, तर नेपथ्य उभं करणं, दिवे, कपडेपट यालाही हात लावायचा. शाळेचं वार्षिक संमेलन आणि हा दौरा यांत हाच मूलभूत फरक आहे. संमेलनाला आईबाबा येतात. दौऱ्यात समोर बसलेल्या माणसाला तुमचं नावही माहीत नसतं.

गेबलबद्दल एक गोष्ट सांगायला हवी. केनेथ मॅकमिलननं ‘रोमिओ अँड ज्युलिएट’ बसवला तो गेबल आणि लिन सीमोर यांच्या अंगावर. पण १९६५ मधला शुभारंभाचा प्रयोग मिळाला फॉन्टेन आणि नुरेयेव या बड्या जोडीला. पुढे दोनेक वर्षांत गेबल रॉयल बॅले सोडून अभिनयाकडे वळला आणि बऱ्याच काळानं शिक्षक म्हणून परतला. ज्याच्या हातून पहिली रात्र गेली त्यानं विद्यार्थ्यांना ढीगभर रात्री मिळवून दिल्या, असं वाक्य लिहायचा मोह होतो. पण दोन घटना एकामागून एक घडल्या म्हणून एकीमुळे दुसरी घडली असं होत नाही, हे मी तुम्हालाच दर महिन्याला ऐकवत असते. तेव्हा राहू दे.

आता थोडं आपल्या वाटेवर येऊ. दौऱ्यात असं काय असतं जे वर्गात नसतं? शांट्झ आणि ऑस्ट्रांड या स्वीडिश संशोधकांचा १९८४ चा एक पेपर आहे. त्यांनी बॅले नर्तकांचा ऑक्सिजनचा वापर मोजला. नेहमीच्या वर्गात, म्हणजे आधी दांडी धरून आणि मग मोकळ्या जागेत केलेल्या सरावात, हा वापर व्यक्तीच्या कमाल क्षमतेच्या साधारण ३५ ते ४५ टक्के होता. बसवलेल्या रचनेतला एकट्याचा भाग नाचताना तो सरासरी ८० टक्क्यांपर्यंत गेला. म्हणजे ज्या वर्गात ही मुलं वर्षानुवर्षं घालवतात तो वर्ग त्यांना तंत्र देतो, रेषा देतो, पण रंगमंचावरचा दम तिथे तयार होत नाही.

दुसरा पेपर मॅथ्यू वायन आणि एमा रेडिंग यांचा, २००५ चा. त्यांनी नर्तकांची तंदुरुस्ती तालमी सुरू होण्याआधी, प्रयोग सुरू होण्याआधी आणि प्रयोगांचा काळ संपल्यावर अशी तीनदा तपासली. तालमींच्या काळात फारसा फरक पडला नाही. सुधारणा दिसली ती प्रयोगांच्या काळात. हे वाचून शाळावाले खूश होतात: बघा, दौरा हेच शिक्षण! पण जरा थांबा. एक तर तो अभ्यास समकालीन नृत्य करणाऱ्यांवरचा आहे, बॅलेवरचा नाही. दुसरं म्हणजे तोच निष्कर्ष उलट बाजूनंही वाचता येतो: नर्तक पहिल्या प्रयोगाला उभे राहतात तेव्हा शरीरानं तयार नसतात आणि प्रेक्षकांसमोर तयार होतात. आणि शेवटच्या मोजणीपर्यंत टिकलेल्यांचेच आकडे असले की असा कुठलाही अभ्यास सुखद दिसतो. असा पेपर हातात आला की मधे गळालेल्यांचं काय केलंय ते आधी शोधा, निष्कर्ष नंतर वाचा. दौऱ्याच्या कौतुकालाही हेच लागू. शेवटच्या प्रयोगाच्या फोटोत जे असतात ते टिकलेले असतात. पायाला बर्फ लावून विंगेत बसलेली मुलगी त्या फोटोत नसते.

माझा मुद्दा बनला तो प्रत्यक्ष बघण्यातून. इथे इंग्लंडमध्ये एका नृत्यशाळेचा दौरा मी एकाच हंगामात दोनदा बघितला. शाळेचं नाव घेत नाही, कारण पुढे जे लिहितेय ते शिकणाऱ्या मुलांबद्दल आहे. पहिलं थिएटर रुंद, रंगमंच खोल. कार्यक्रमाच्या शेवटी समूहरचना होती, तिरक्या रांगा एकमेकींतून आरपार जाणाऱ्या. सुबक झाली. मी डायरीत लिहिलं, ‘स्वच्छ पण थंड’. तीन आठवड्यांनी दुसऱ्या गावात गेले, तर तिथला रंगमंच जेमतेम दोन तृतीयांश रुंदीचा. तीच रचना, तेवढीच माणसं. आता त्या तिरक्या रांगा मावणार कशा? दोन जणांची पावलं एकदा जवळजवळ अडकली. पण दुसऱ्या रांगेतल्या एका मुलीनं काय केलं बघा: तिनं पाऊल लहान केलं आणि हात होते तेवढेच लांब ठेवले. प्रवास कमी, आवाका तोच. तिच्यामागच्या तिघींनी ते पाहून दोन मापांत उचललं. ही दुरुस्ती कुठल्या तालमीत शिकवलेली असणार नाही, कारण तालमीचा हॉल बदलत नाही. त्या रात्रीची रचना पहिलीपेक्षा मळकी होती आणि कितीतरी जिवंत होती. मी फक्त दुसरा प्रयोग बघितला असता तर ‘रांगा विस्कळीत’ एवढंच लिहून घरी गेले असते.

हे असं होणं दौऱ्यात रोजचं आहे. जमीन बदलते, म्हणून मंडळ्या नाचायचं व्हिनाइल गुंडाळून सोबत नेतात. तरी खालचं लाकूड कुठे लवचिक असतं, कुठे दगडासारखं. काही जुन्या थिएटरांत रंगमंच प्रेक्षकांकडे उतरता असतो, मग गिरकीचा तोल पुढे जातो. गिरकी घेताना नजर एका बिंदूवर खिळवावी लागते. वर्गात समोर आरसा असतो, इथे काळोख. बुटाच्या टोकाला राळ लावली तरी कालच्या इतकी पकड आज मिळेलच असं नाही. आपल्या भाषेत सांगायचं तर एक चल सोडून बाकी सगळं स्थिर ठेवायचं, हा नियम इथे उलटा होतो: नाच तेवढा तोच, बाकी सगळं बदलतं.

संगीताचा मुद्दा तर त्याहून मोठा. बॅले सेंट्रलसोबत संगीतकार फिलिप फीनी अनेक वर्षं राहिले आहेत. नॉर्दर्न बॅलेच्या ‘ड्रॅक्युला’चं संगीत त्यांचंच. वाजवणारा माणूस पियानोवर समोर असला की नर्तकी तोलात एक क्षण जास्त थांबू शकते आणि तो क्षण संगीत तिला देऊ शकतं. ध्वनिमुद्रित संगीत थांबत नाही. ते प्रत्येक गावात अगदी तेच असतं. परीक्षणांत सहसा या फरकाची दखल नसते, पण विद्यार्थ्यासाठी हे दोन वेगळे धडे आहेत. एकात संवाद करायचा, दुसऱ्यात गाठायचं. मला विचाराल तर पहिल्या दौऱ्यात पियानो हवाच. गाठायची सवय पुढे लागतेच.

आता ज्याच्याशी माझं भांडण आहे त्या प्रकाराकडे येते. इंग्लिश नॅशनल बॅले आणि तिची शाळा यांनी मिळून ‘माय फर्स्ट बॅले’ ही मालिका केली आहे. तीन वर्षांच्या पुढच्या बाळगोपाळांसाठी ‘स्वान लेक’, ‘सिंड्रेला’, ‘कोपेलिया’ अशा बॅलेंच्या छोट्या आवृत्त्या. नाचणारे शाळेतले दुसऱ्या वर्षाचे विद्यार्थी. लंडनच्या पीकॉक थिएटरमध्ये सुरुवात आणि मग देशभर दौरा. कल्पना गोड आहे, शंकाच नाही. प्रेक्षकांचाही पहिला बॅले, नाचणाऱ्यांचाही पहिला दौरा. मुलं चुळबुळतात, मोठ्यानं प्रश्न विचारतात, आणि ती सभागृहं सांभाळणं सोपं काम नाही. इथे ‘असूनही’वाली सवलत मुळीच लागत नाही, चार वर्षांचं मूल सवलत देत नसतं.

पण यात एक निवेदक असतो, तो गोष्ट शब्दांत सांगत जातो. इथे मला वाटतं विद्यार्थ्यांचं नुकसान होतं. ‘स्वान लेक’च्या जुन्या परंपरेत दुसऱ्या अंकात ओडेट राजपुत्राला हातांच्या खुणांनी आपली कहाणी सांगते: हे तळं माझ्या आईच्या अश्रूंचं आहे. अख्ख्या बॅलेत तिला ‘बोलायला’ मिळणारी ही जागा. सतरा-अठरा वर्षांच्या मुलीनं ती जागा कशी पेलायची हे ती कधी शिकणार? समोरचं मूल गोंधळलेलं दिसलं की हात आणखी सावकाश, नजर आणखी स्पष्ट करून. निवेदकाच्या आवाजानं तो अर्थ आधीच पोचवला, तर तिच्याकडे फक्त सुंदर दिसण्याचं काम उरतं. मुलांना कळणार नाही ही भीती मला पटत नाही. बोलता न येणारं बाळसुद्धा खुणा वाचतंच की. कळत नाही ते मोठ्यांना, आणि तिकीट मोठे काढतात.

यात आणखी एक तिढा आहे. हे प्रयोग मुलांच्या सोयीनं ठेवलेले, त्यामुळे दिवसाला एकाहून जास्त खेळ होतात. वर जे ऑक्सिजनचे आकडे दिले ते आठवा. मग हा दौरा विद्यार्थ्यांच्या शिक्षणासाठी आहे की विद्यार्थी दौऱ्यासाठी आहेत? दोन्ही, असं उत्तर मिळेल आणि ते खोटं नाही. संशोधनात आपलीही हीच गत असते. गाईडच्या प्रोजेक्टचं काम आणि आपलं शिक्षण यांच्या सीमा कुणी आखून देत नाही. फरक एवढाच, की आपला गुडघा सहसा पणाला लागलेला नसतो.

आणि हे सगळं चालू असताना ही मंडळी नोकऱ्या शोधत असतात. शेवटच्या वर्षातच ऑडिशनांचा हंगाम येतो. एका शहरात ऑडिशन, रात्रीची गाडी, दुसऱ्या दिवशी तिसऱ्याच गावात प्रयोग. ऑडिशनमध्ये शंभर जणांतली एक म्हणून, छातीवर क्रमांक लावून, तासभर वर्ग करायचा. तिथे दिसतं तंत्र. अरुंद रंगमंचावर पाऊल लहान करून हात लांब ठेवणारी मुलगी तिथे कशी दिसणार? दौऱ्यात ती जे शिकली ते मोजायची जागा निवडीच्या पद्धतीतच नाही. नेटच्या परीक्षेबद्दल तुम्ही हेच म्हणता, ऐकलंय मी.

पुढच्या वसंतात दौरे सुरू होतील तेव्हा मी पुन्हा दोन तिकिटं काढणार आहे, एक सुरुवातीच्या गावाचं आणि एक शेवटच्या. विद्यार्थ्यांच्या प्रयोगांची तिकिटं मोठ्या कंपन्यांपेक्षा बरीच स्वस्त असतात, स्टायपेंडमध्ये बसतात. डायरीत पहिल्या दिवशी फक्त दोन-तीन जागा नोंदवून ठेवायच्या: कुठली रांग, कुठली उडी, कुठला थांबा. शेवटच्या दिवशी फक्त त्याच बघायच्या.