घाटमाथ्यावरच्या एका पाटीचं रसग्रहण

कोल्हापूरहून कोकणात उतरणारा रस्ता गगनबावड्याला फुटतो. एक वाट करूळ घाटानं वैभववाडीला जाते, दुसरी भुईबावडा घाटानं खारेपाटणच्या अंगाला. विजयदुर्ग-देवगडचा मासा वर चढतो तो याच घाटांनी, आणि मासे खायला निघालेला कोल्हापूरकर खाली उतरतो तोही इथूनच. अशा वाटेवरच्या खानावळीच्या दारात हमखास दिसणारी पाटी अशी: ‘ताजे मासे मिळतील. सुरमई थाळी. पापलेट थाळी. बांगडा थाळी. दर साइजप्रमाणे.’ पाचच ओळींची रचना, पण सावकाश वाचली तर बिल यायच्या आधीच पुष्कळ उलगडा होतो.

आधी क्रम बघा. सुरमईला पहिला मान, पापलेट तिच्या खालोखाल आणि बांगडा पंगतीच्या शेवटी. बांगड्यापुढे आकडा ठळक लिहिलेला असतो, पापलेटापुढची जागा बहुतेक वेळा मोकळी असते. ही मोकळी जागा सगळ्यात बोलकी. पापलेट जसं मोठं, तसा त्याचा किलोचा भावही चढतो. त्यामुळे 200 ग्रॅमची दोन पापलेटं 400 ग्रॅमच्या एकाच्या किमतीला पुरत नाहीत. मोठा नग जाळ्यात कमी येतो, कारण पुष्कळ पापलेट वाढायच्या आतच धरलं जातं. 2023 मध्ये महाराष्ट्रानं त्याला राज्य माशाचा दर्जा दिला, त्यामागे ही काळजीही होती. तेव्हा ‘साइजप्रमाणे’ ही ओळ लबाडीची नाही. मात्र साइज कोणती हे वजनात सांगितलं, तरच तिला अर्थ येतो.

आता ताटाकडे वळू. सुरमईचा तुकडा आडवा कापलेला, गोलसर. मधोमध एकच मणका, त्याच्याभोवती मांसाचे चार भाग, कडेला पातळ राखाडी-चंदेरी कातडी. मांस घट्ट आणि पांढुरकं, बोटानं दाबलं की वर्तुळाकार पदर सुटतात. तिच्या जागी कुपा आला, तर मणक्याजवळ गडद तांबूस पट्टा दिसतो, शिजल्यावर तो तपकिरी होतो आणि घास कोरडा लागतो. रव्याचं जाड आवरण हा फरक झाकतं, म्हणून पहिल्या घासाआधी एका कडेचा रवा खरवडून बघावा. काटा नाही, कातडी नाही, पांढराफेक तुकडा, दाबला की पाणी सुटतं आणि चव फक्त मसाल्याची, असं असेल तर तो बासा. व्हिएतनामातल्या तळ्यांत वाढून गोठलेल्या अवस्थेत येणारा हा मासा खायला वाईट नाही. पण त्याला सुरमईचा किंवा रावसाचा दर लावणं हा सरळ गंडा.

पापलेटाची नक्कल जास्त हुशार असते. गोड्या पाण्यात पाळलेला रूपचंद आकारानं चपटा, गोल. तळून समोर आला की नवखा माणूस फसतो. तोंड उघडून बघा. पापलेटाचं तोंड इवलंसं असतं, रूपचंदाचे दात माणसाच्या दाढांसारखे भक्कम. पापलेटाला पोटाखालचे पर नसतात, रूपचंदाला असतात, शिवाय शेपटीजवळ पाठीवर एक छोटा मांसल पर असतो. हलवा मात्र नक्कल नव्हे. लोक त्याला काळं पापलेट म्हणतात, पण त्याचं कुळ वेगळं आणि चव स्वतःची. त्याला हलव्याचाच भाव द्यावा.

राहिली पहिली ओळ: ‘ताजे मासे’. मे महिन्यात ती खरी असू शकते. पण गगनबावड्याला गर्दी होते ती पावसाळ्यात, धुकं आणि धबधबे बघायला. नेमक्या त्याच दिवसांत, 1 जून ते 31 जुलै, महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर यांत्रिक नौकांना मासेमारी बंद असते. पूर्व किनाऱ्यावरची बंदी 14 जूनला संपते, म्हणून जुलैतली सुरमई बहुधा तिकडून बर्फात आलेली, नाहीतर शीतगृहातली. घाटाखालचा समुद्र तासा-दोन तासांवर असूनही ताटातला मासा देशाच्या दुसऱ्या टोकाचा. पाटी मात्र बदलत नाही. त्या दिवसांत इथलं खरं ताजं म्हणजे ओढ्याला चढणारे मासे आणि शेतातले खेकडे, आणि त्यांना पाटीवर जागा मिळत नाही.

मग दर रास्त कधी? हिशेब मांडून बघू. समजा, बंदरावर सुरमई 700 रुपये किलो आहे. डोकं, शेपूट, आतडी गेली की किलोमागे 700 ग्रॅमच्या आसपास तुकडे उरतात, म्हणजे साफ माशाचा भाव 1000 रुपयांवर गेला. 150 ग्रॅमच्या तुकड्याचे झाले 150 रुपये. त्यावर बर्फ, घाट चढणारा टेम्पो, तेल, मसाला, भाकरी, सोलकढी, मजुरी आणि खराब होणारा माल. कच्च्या मालाच्या तिप्पट दर हा हॉटेलधंद्यातला ढोबळ ठोकताळा धरला, तर 450 रुपयांची थाळी वाजवी. भाव चढला तर हिशेबही चढेल. तेवढ्याच तुकड्याला 700 मागितले, तर मालकानं कारण सांगायला हवं. उलट, उरलेल्या डोक्याचं कालवण वाटीभर आणि पुन्हा वाढलं जात असेल, तर ते मालकाच्या खात्यात जमेला धरावं.

या रचनेतली सगळ्यात प्रामाणिक ओळ बांगड्याची. तो डोक्याशेपटीसकट पानात येतो, नक्कल करण्याइतका महाग नाही आणि शिळा असेल तर पहिल्याच घासात कळतो. अनोळखी खानावळीत आधी बांगडा मागवावा. तो जमला, तर सुरमईकडे जावं. आणि महागाचा मासा घ्यायचाच असेल, तर ऑर्डर देण्याआधी कच्चा मासा दाखवायला सांगा, डोळे फुगीर आणि कल्ले लाल आहेत का बघा, वजन आणि दर तिथेच ठरवा. चांगला मालक याचा राग धरत नाही. जो धरतो, त्याच्याकडे पिठलं-भाकरी खावी.