साडेसातची साडेसाती

मी बँकेत कारकून आहे. त्यामुळे वक्तशीरपणावर बोलण्याचा अधिकार मला जन्माने नसला तरी सेवाज्येष्ठतेने मिळालेला आहे. दुपारी चार वाजता काउंटर बंद करताना समोर उभ्या असलेल्या माणसाला 'उद्या या' म्हणणे ही एक कला आहे. चेहऱ्यावर राग नको, दया नको आणि ओळख तर मुळीच नको. मागल्या नोव्हेंबरात हयातीचा दाखला घेऊन एक आजोबा चार वाजून पाच मिनिटांनी आले. मी म्हणालो, "उद्या या." आजोबा म्हणाले, "अहो, उद्या असेन की नाही, म्हणून तर आज आलो!" मी तरीही काच सरकवली. नियम म्हणजे नियम. देवाच्या कृपेने ते दुसऱ्या दिवशी आले आणि मी त्यांच्या हयातीवर शिक्का मारला.

काचेच्या पलीकडे उभे राहून तेच वाक्य ऐकताना कसे वाटते, हे कळायला मात्र मला थायलंडच्या समुद्रापर्यंत जावे लागले.

त्याचे असे झाले. आमच्या लग्नाला वीस वर्षे होत होती. सौ. म्हणाली, "वीस वर्षांत तुम्ही मला पाण्यातून नेलंत ते एकदाच, घारापुरीला. तेही बँकेच्या सहलीत." या मुद्द्याला उत्तर नव्हते. बँकेच्या प्रवास सवलतीत परदेश बसत नाही. म्हणून एक फिक्स्ड डिपॉझिट मुदतीआधी मोडली, त्याबद्दल आमच्याच बँकेला दंड भरला आणि सिंगापूरहून सुटणाऱ्या एका भल्यामोठ्या जहाजावर चार रात्रींसाठी जाऊन पडलो. सिंगापूर, पेनांग, फुकेत आणि परत सिंगापूर.

जहाजावर माणसाला कामे दोनच. समुद्राकडे बघणे आणि जेवणे. पैकी समुद्राला बुकिंग लागत नाही.

जेवणाची तिथली पद्धत ऐकून मला प्रथम फार बरे वाटले. मुख्य भोजनगृहात दोन 'सिटिंग' असतात. एक संध्याकाळी लवकर आणि दुसरे आठच्या पुढे. म्हणजे आपली पहिली पंगत आणि दुसरी पंगत! फरक एवढाच, की आपल्याकडे पहिल्या पंगतीतला माणूस मठ्ठ्याचा शेवटचा घोट घेतो न घेतो, तोच त्याच्या खुर्चीच्या पाठीवर दुसऱ्याचा रुमाल पडलेला असतो. तिथे रुमाल मांडीवर घेतात. पण तत्त्व तेच. सगळ्यांनी एका वेळी बसावे, एका वेळी उठावे आणि मागच्याला वाट करून द्यावी.

पूर्वी तर जेवणाची वेळ झाली की जहाजावर बिगूल वाजवीत. १९१२ सालच्या 'टायटॅनिक'वर पहिल्या वर्गाच्या प्रवाशांना असेच जेवायला बोलावीत. बिगुलाचा फायदा असा, की 'मला माहीत नव्हतं' असे कोणालाच म्हणता येत नाही. वेगळे पैसे मोजून, आपल्या सोयीने, वेगळ्या टेबलावर जेवण्याची चैनही तशी जुनीच. १९०५ सालच्या 'अमेरिका' या जर्मन जहाजावर रिट्झच्या नावाने असे हॉटेल चालत असे. पुढे २००० साली नॉर्वेजियन क्रूझ लाइन या कंपनीने 'फ्रीस्टाइल' नावाची टूम काढली. ठरलेली पंगत नाही, ठरलेले टेबल नाही. भूक लागेल तेव्हा वाटेल तिथे जेवा. हळूहळू इतर जहाजांनीही या ना त्या नावाने तेच केले. माणूस मोकळा झाला. आणि माणूस मोकळा झाला की रांग लागते, हे पासबुक छापायचे यंत्र बसवल्या दिवसापासून मी पाहत आलो आहे. कारण मोकळ्या झालेल्या प्रत्येक माणसाला भूक साडेसातलाच लागते.

म्हणून आले बुकिंग. आमच्या जहाजावर माणसे तीन हजारांच्या वर आणि ज्या खास हॉटेलात सौ.ला जेवायचे होते, तिथे टेबले मोजून पंचवीस. मी पहिल्याच दिवशी रांगेत उभा राहून तिसऱ्या रात्रीचे साडेसातचे टेबल धरले. सोबत नियमांचा एक कागद मिळाला. बँकेत नोकरी केल्यामुळे मी कुठल्याही कागदावर आधी सही करतो आणि मग तो वाचत नाही.

पुढचे दोन दिवस मी त्या हॉटेलच्या दाराशी येरझारा घालून सहप्रवाशांचे निरीक्षण केले. त्यांचे ढोबळमानाने तीन वर्ग पडतात.

पहिला वर्ग हप्त्याने येणाऱ्यांचा. टेबल आठ जणांचे, वेळ सातची. सातला काका येतात आणि 'बाकीचे येताहेत' म्हणून सांगतात. सव्वासातला दोन मुले येतात आणि काका कुठे आहेत म्हणून विचारतात. साडेसातला मावशी येतात, तोवर काका मुलांना शोधायला गेलेले असतात. असे कर्ज बँकेत असते, तर आम्ही ते केव्हाच बुडीत खात्यात टाकले असते.

दुसरा वर्ग दूरदृष्टीच्या लोकांचा. हे एकाच रात्रीची तीन हॉटेलांत तीन टेबले धरून ठेवतात. 'तेव्हा काय खावंसं वाटेल ते बघू' असे यांचे धोरण. उरलेली दोन टेबले मेणबत्ती लावून यांची वाट बघत बसतात आणि दाराबाहेर दोन कुटुंबे त्या टेबलांकडे बघत बसतात. टेबल सोडायचे असेल तर आदल्या दिवशी कळवावे, एवढी साधी गोष्ट. पण रद्द करण्यात यांना कमीपणा वाटतो.

तिसरा वर्ग वेळेवर येणाऱ्यांचा. हे साडेसातला बसतात ते बसतातच. आइस्क्रीम संपते, कॉफी संपते, वेटर टेबलावरचे तुकडे पुसून घेतो, पाणी विचारतो, पुन्हा पुसतो. यांचे मात्र नातवाच्या इंग्लिश मीडियमवर बोलणे चाललेले असते. वेळेवर येणे हा वक्तशीरपणाचा अर्धा भाग झाला. उरलेला अर्धा वेळेवर उठण्यात असतो, हे पंगतीत बसलेल्या माणसाला तरी सांगावे लागू नये.

मी बी.कॉम. आहे. तिथे शिकवलेले बहुतेक विसरलो, पण एक लक्षात आहे. काही माल नाशवंत असतो. आज न विकलेले लोखंड उद्या विकता येते. कोथिंबीर येत नाही. साडेसातचे टेबल ही कोथिंबीर आहे. ते पुढच्या पानावर ओढता येत नाही. तेव्हा उशिरा येणारा माणूस स्वतःची वेळ वाया घालवत नाही, दाराबाहेर उभ्या असलेल्याची घालवतो. एवढे तत्त्वज्ञान मी सौ.ला डेकवर बसून ऐकवले. ती म्हणाली, "परवा तेवढं वेळेवर या."

तिसऱ्या दिवशी फुकेत आले. जहाज पटाँगच्या समोर समुद्रातच नांगरून राहिले आणि आम्हाला लहान बोटीने किनाऱ्यावर नेले. ऊन मी म्हणत होते. एका नारळपाण्याची किंमत रुपयांत काढल्यावर दोघांचीही तहान भागली आणि आम्ही दुपारीच जहाजावर परतलो. किनाऱ्यावर एक गोष्ट मात्र माझ्या नकळत घडली. मोबाईलला रेंज मिळाली आणि त्याने आपण होऊन थायलंडची वेळ लावून घेतली. १९८२ साली मलेशिया आणि सिंगापूर यांनी आपली घड्याळे अर्धा तास पुढे केली, तेव्हापासून थायलंड त्यांच्या एक तास मागे आहे. आमचे जहाज मात्र सिंगापूरच्याच वेळेने चालत होते. तसे आदल्या रात्री खोलीच्या दाराखालून सरकवलेल्या पत्रकात छापलेही होते. चौथ्या पानावर, मसाजच्या जाहिरातीखाली.

वास्तविक दोन वेळांचा घोटाळा मुंबईकराला नवा नाही. १९०६ साली सगळ्या देशाची एक वेळ ठरली, तरी आमची मुंबई आपली एकोणचाळीस मिनिटे मागची 'बॉम्बे टाइम' १९५५ सालापर्यंत कवटाळून बसली होती. पण पूर्वजांच्या अनुभवावरून शहाणे होण्याची आमच्या घराण्यात पद्धत नाही.

संध्याकाळी सौ. पैठणी नेसायला खोलीत गेली. "साडेसातला दारात भेटू," म्हणाली. मी वरच्या डेकवर सूर्यास्ताचे फोटो काढत राहिलो. सूर्य बुडाला तेव्हा मोबाईलमध्ये साडेसहा वाजले होते. मग कोरा चहा घेतला, नागपूरच्या एका गृहस्थांना व्याजदर समजावून सांगितले आणि बरोबर सात वीसला हॉटेलच्या दारात हजर झालो. दहा मिनिटे आधी! आयुष्यात प्रथमच.

दाराजवळच्या कोचावर सौ. बसली होती. पैठणी, गजरा (तो तिने मुंबईहून कृत्रिम आणला होता) आणि मनगटावर लग्नात मिळालेले घड्याळ. त्यात आठ वीस झाले होते.

मुख्य वेटर मडगावचा निघाला. तो मराठीत म्हणाला, "साहेब, साडेसातचं होतं तुमचं. पंधरा मिनिटं धरलं, मग वेटिंगवाल्यांना दिलं. बाईंना दोनदा म्हटलं, आत बसा. त्या म्हणाल्या, हे आल्याशिवाय नाही."

त्यावर मी जी मुक्ताफळे उधळली ती अशी: 'थोडासाच तर उशीर झालाय.' 'मी किती लांबून आलोय माहीत आहे का?' 'ते कोपऱ्यातलं टेबल रिकामं दिसतंय की!' 'मॅनेजर कोण आहे तुमचा?' बोलता बोलता माझ्या लक्षात आले, की ही वाक्ये माझी नव्हतीच. गेली बावीस वर्षे ती मी काचेच्या आतून ऐकत आलो होतो. क्रमसुद्धा तोच होता.

तो बिचारा शांतपणे म्हणाला, "रिकामं आहे ते साडेआठचं आहे, साहेब. किचनला दर अर्ध्या तासाला ठरावीक टेबलं देतो आम्ही. तुम्हाला आता घुसवलं तर साडेआठवाल्यांचं जेवण मागे पडणार, त्यांच्यामुळे नऊवाल्यांचं." पुढे आवाज खाली आणून म्हणाला, "आणि न आल्याचा चार्ज तुमच्या खोलीच्या बिलात पडलाय. तो काढायचं माझ्या हातात नाही." ती रक्कम म्हणजे आमच्या सोसायटीचा एका महिन्याचा मेन्टेनन्स.

आता टीकाच करायची तर जहाजवाल्यांवरही करता येईल. पंधरा मिनिटे टेबल धरणे योग्य. दंड घेणेही योग्य, नाहीतर तीन-तीन टेबले धरणारे चार-चार धरतील. पण ज्या जहाजावर घड्याळे दोन चालतात, तिथे खरी वेळ कुठली हे मसाजच्या वर छापायला काय हरकत होती? लिफ्टमध्ये रोज नवा गालिचा टाकून त्यावर आजचा वार लिहितात. वार कळून सुटीवरच्या माणसाला काय करायचे आहे? त्यापेक्षा एक घड्याळ टांगावे. आणि नियम राबवणाऱ्याच्या हातात थोडी माफीही द्यावी. न आलेला आणि उशिरा आलेला यांना एकच दंड लावणारा कायदा वकिलाला शोभतो, यजमानाला नाही. आपल्या पंगतीत उशिरा आलेल्याला बोलणी बसतात, पण पानही वाढतात.

हे सगळे मी सौ.ला मुख्य भोजनगृहाकडे जाताना ऐकवत होतो. ती जिन्यात थांबली.

"पंधरा मिनिटं थांबले ना ते?" तिने विचारले.

"हो, पण..."

"मी वीस वर्षं थांबतेय. मार्च एंड, ऑडिट, युनियनची मीटिंग, नाक्यावर भेटलेले मित्र. ताट वाढून घड्याळाकडे बघायचं, मग झाकायचं, मग परत गरम करायचं. त्याचा दंड कुणाच्या बिलात पडला? आज पहिल्यांदा कुणीतरी तुमच्याकडून तो वसूल केला. मला जेवण गेल्याचं वाईट नाही वाटलं. तिथे कोचावर बसल्या बसल्या एकच वाटत होतं, इथेसुद्धा आपण वाटच बघतोय."

बँकेतल्या माणसाला थकबाकी कळते. मी काही बोललो नाही.

दुसऱ्या पंगतीत आम्हाला कोपऱ्यात दोन खुर्च्या मिळाल्या. सूप निवालेले होते. सौ.ने शेवटी घड्याळ काढून पर्समध्ये ठेवले आणि आम्ही बऱ्याच वर्षांनी एका वेळी जेवायला सुरुवात केली.

मुंबईला परतल्यावर दोन बदल झाले. चार वाजून पाच मिनिटांनी कोणी पेन्शनर दिसला, तर काच सरकवण्याआधी मी एकदा त्याच्या चेहऱ्याकडे बघतो. काच सरकवतोच असे नाही. दुसरा बदल घरी. आमच्या फ्रिजवर सौ.च्या अक्षरात एक कागद लागला आहे: 'रात्रीचे जेवण साडेआठ. ताट पंधरा मिनिटे धरले जाईल. उशीर होणार असल्यास आदल्या दिवशी कळवावे. दंड: भांडी.'

हा कागद मात्र मी सही करण्याआधी पूर्ण वाचला. गेल्या एकतीस मार्चचे बुकिंग तीस तारखेलाच रीतसर रद्द केले होते.